अर्धापूरला पाठवलेली कुत्री

कुत्रं पाळायला माझा विरोध होता, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे घडलं त्यात माझी बाजू कुणाला उगाच चांगली वाटायला नको.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्याच महिन्यात चाकूर तालुक्यातल्या एका गावाहून पिल्लू घेऊन आले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, माझी नोकरी अजून चार-साडेचार वर्षं बाकी होती. मुलगा पुण्यात. लातूरच्या आमच्या घरात दिवसभर हे एकटेच असणार, म्हणून मी फार ताणलं नाही. पण कुत्र्याचं मी काही करणार नाही, हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं.

त्या भागात कारवान जातीची कुत्री सांभाळणारी घरं आहेत. उंच, सडपातळ, लांब तोंडाची ही शिकारी जात. पूर्वी ती ससे धरायची. आता शिकारीला बंदी आहे, तरी काही लोकांनी हौसेनं जात टिकवली आहे. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं ते म्हातारे गृहस्थ पिल्लासोबत स्वतः आमच्या घरी आले होते. धोतर, डोक्याला टापर, हातात कापडी पिशवी. मुलगी दिल्यावर बाप घर बघायला येतो तसे ते अंगण, मागचा नळ, गच्चीवरची सावली सगळं बघून आले आणि मग ओसरीवर बसून चहा घेतला.

"बाई, ही जात लई मानी हाय," ते मला म्हणाले. "मारून शिकत न्हाई. एकदा हात उचलला की जन्माचं तुटलं म्हणून समजा. आन् बोलावून कधी रागवायचं न्हाई. बोलावलं की तिचं चांगलंच झालं पायजे. न्हाई तर पुढच्या खेपेला कशाला येईल ती?"

मी मान हलवली. मला काय करायचं होतं त्याचं. हे मात्र शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते.

खाण्याचं त्यांनी असं सांगितलं. पिल्लू आहे तोवर दिवसातून चारदा, थोडं थोडं. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवायच्या, त्यात शेळीचं दूध, एक दिवसाआड उकडलेलं अंडं. सहा महिन्यांनी तीन वेळा, वर्षाची झाली की दोन वेळा. खाल्ल्यावर दोन तास पळू द्यायचं नाही. शिजवलेली हाडं द्यायची नाहीत, ती चिरफळतात आणि आतडं फाडतात. बिस्किट, गोड, तळकट काही नाही. कांदा तर अजिबातच नाही. "आन् मोठी झाली की शेवटच्या तीन बरगड्या दिसल्याच पायजेत. लोक म्हनतील उपाशी ठेवली. म्हनू द्या."

लोक म्हणालेच. ती वर्षाची झाली तेव्हा गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, "टीचर, साहेबांची तब्येत बरी हाय ना? कुत्रीला खायला घालत न्हाईत का?" हे फाटकात उभे राहून एकेकीला बरगड्या मोजून दाखवायचे. मला लाज वाटायची.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. यात कुणाचंच नाव नाही, तिचंही नको.

शिकवण्याची ह्यांची पद्धत साधी होती. शब्द चारच. ये, बस, थांब आणि न्हाई. एका शब्दाला एकच अर्थ, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. मी वापरत नसे म्हणून मला बोलणी बसायची. तिनं माझी चप्पल तोंडात धरली की मी म्हणायचे, "अगं नको गं, सोड ना ती." हे म्हणायचे, "एवढ्या लांब वाक्यातून त्या जनावरानं काय उचलायचं? न्हाई म्हण. एकदाच, शांत आवाजात." मी घरात 'नाही' म्हणते, पण ह्यांच्या तोंडात गावाकडचा 'न्हाई' पक्का होता, आणि कुत्री त्याच उच्चारावर शिकली. 'न्हाई' म्हटलं की ती असेल तिथं थांबायची, दोन पावलं मागं जायची आणि खाली बसायची. हे तिच्यासमोर भाकरीचा तुकडा ठेवून पाहुण्यांना ते करून दाखवायचे. तुकडा हातभर अंतरावर, आणि ही तोंड फिरवून बसलेली. मग 'ये' म्हटलं की एका झेपेत तुकडा गायब.

पहाटे दोघं फिरायला जायचे. उन्हाळ्यात सातच्या आत परत, कारण लातूरचा डांबरी रस्ता आठ वाजता तिचे पंजे भाजेल इतका तापतो. हे आपला हात पालथा करून रस्त्यावर ठेवून बघायचे. लशी वेळेवर, जंताचं औषध वेळेवर, आठवड्यातून एकदा कान उलटे करून गोचीड तपासायची. थंडीत तिच्या अंगावर गोधडी, कारण ह्या जातीच्या अंगावर केस नाहीतच म्हटलं तरी चालेल. मी हे सगळं तीन वर्षं बघत होते. बघून माणसाला माहिती होते, पण सवय होत नाही.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी दोघं फिरून आले. मी आत डबा भरत होते, माझी बस साडेसातची. ओसरीवरून कुत्री भुंकायला लागली. एरवी ती भुंकायची नाही, ह्या जातीला तशी सवयच नाही. पण त्या दिवशी थांबेना. मी स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं म्हटलं, "न्हाई!"

ती गप्प झाली.

मी डबा भरला, पाण्याची बाटली भरली, साडीला पिन लावली. बाहेर आले तेव्हा हे ओसरीच्या पायरीवर भिंतीला कलंडलेले होते. एका पायात चप्पल तशीच. तोंड एका बाजूला ओढलेलं. आणि कुत्री त्यांच्यापासून दोन पावलांवर, मी सांगितलं तशी, खाली बसलेली.

डॉक्टरांनी नंतर विचारलं, हे झालं किती वाजता? मी अंदाजानं वेळ सांगितली. कुत्रीचं भुंकणं मी त्यांना सांगितलं नाही. मुलालाही आजवर सांगितलेलं नाही.

अठरा दिवसांनी ह्यांना घरी आणलं. उजवा हात आणि उजवा पाय गेलेला. बोलणं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. फक्त शब्द सापडत नाहीत. एखाद्या पेशंटचा एखादाच शब्द शिल्लक राहतो, तो त्यांच्या हातात नसतो. त्यावरून हो की नाही ते ठरवू नका, चेहरा बघा."

ह्यांचा जो शब्द राहिला तो 'न्हाई'.

पाणी देऊ? न्हाई. आणि ओठ पेल्याकडं. दुखतंय का? न्हाई. पंखा लावू? न्हाई, न्हाई. रागात न्हाई, विनवणीत न्हाई, आणि एकदा मुलगा आला तेव्हा त्याचा हात धरून रडत रडत न्हाई.

घरी आणलं त्या दुपारी कुत्रीनं अठरा दिवसांनी त्यांचा वास घेतला. दारातून ती अशी आली की सतरंजी तिच्या पायाखालून मागं सरकली. ह्यांनी डावा हात पुढं केला. डोळ्यांत पाणी, तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "न्हाई."

ती जागीच थांबली. दोन पावलं मागं गेली आणि उंबऱ्याशी बसली.

हे पुन्हा म्हणाले, "न्हाई, न्हाई." ती आणखी मागं सरकली, दाराबाहेर गेली. त्यांना ती जवळ हवी होती. तिलाही त्यांना हवं तेच करायचं होतं. जेवढं ते बोलावत होते तेवढी ती लांब जात होती. शेवटी ह्यांनी डाव्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलं.

हे रोज व्हायला लागलं. मग कुत्री खोलीत यायचीच बंद झाली.

माझी रजा संपली. दिवसा ह्यांच्याजवळ बसायला एक मावशी ठेवली. ती कुत्र्याला घाबरायची, तेव्हा कुत्री मागच्या अंगणात बांधून ठेवावी लागली. पहाटेचं फिरणं बंद. कण्या शिजवायला वेळ कुणाला? मी जाताना दूध-बिस्किटं ठेवायचे, संध्याकाळी उरलेला वरणभात. तिला हगवण लागली. ती थांबली तर अंगावर चट्टे उठले. नखं वाढून फरशीवर कटकट वाजायची. जी कधी भुंकायची नाही ती दिवसभर भुंकायला लागली. शेजारचे आधी चौकशी करायचे, मग तक्रार करायला लागले. काय चुकतंय ते मला समजत होतं. एक एक नियम मला पाठ होता. पण शाळेतून आल्यावर ह्यांची कूस बदलायची, पाठ पुसायची, घास भरवायचा, आणि त्यानंतर माझ्यात काही उरत नव्हतं.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू दोघांचं करू शकत नाहीस. एकाचं कर."

माझा धाकटा भाऊ अर्धापूरला असतो. केळीची बाग आहे. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडं पाठव की. मोकळं शिवार हाय, पळंल, खाईल. तुझा जीव तर वाचंल."

मी ह्यांना विचारलं. विचारलं हे खरं आहे. पलंगाशेजारी बसून म्हटलं, "अहो, तिला अर्धापूरला पाठवू का? तिथं मोकळी राहील."

हे म्हणाले, "न्हाई."

डाव्या हातानं पलंगाचा दांडा धरलेला होता, आणि बोटं पांढरी पडली होती. डॉक्टरांनी चेहरा बघा म्हणून सांगितलं होतं. मी चेहरा बघितला नाही. मी मनाशी म्हटलं, ते तर सगळ्यालाच न्हाई म्हणतात.

जुलैत भाऊ केळीची पिकअप घेऊन आला. कुत्रीला उचलून मागं ठेवलं. ती ओरडली नाही. आपण कुणाला नवा मिक्सर दिला तरी कसा वापरायचा ते सांगतो. मी भावाला काहीच सांगितलं नाही. काय खाते, काय खात नाही, हात उचलायचा नाही, कोंबड्या-सशांमागं ही जात धावणारच, मोकळ्यावर सोडायची नाही. एक शब्द बोलले नाही. गाडी लवकर जावी एवढंच वाटत होतं.

त्या दिवसापासून ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. माझ्या हातचा घास घेईनात, मावशीनं भरवला तर चार घास. व्यायाम करून घ्यायला येणारा पोरगा म्हणायचा, "काकू, काका हात ढिलाच सोडतात, जोर लावत नाहीत." आणि तो एक शब्दही बंद झाला. घरात इतकी शांतता झाली की मी उगाच रेडिओ लावून ठेवायचे.

भावाला फोन केला की तो म्हणायचा, "मजेत हाय." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी पुढं विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. खोटं बोलणारा माणूस नाही तो.

दसऱ्याच्या सुटीत मुलगा चार दिवस आला, तेव्हा ह्यांना त्याच्यावर सोपवून मी नांदेडला गेले आणि तिथून अर्धापूरला. भाऊ मला शेतावर न्यायला तयार नव्हता. "आधी जेव," म्हणाला. मी जेवले नाही.

मोटारीच्या खोलीमागं, केळीच्या वाळल्या पानांवर ती पडलेली होती. बैलाची साखळी गळ्यात. साखळीखाली कातडं सोललेलं, त्यावर माशा. कानांत गोचिडं द्राक्षाच्या घडासारखी लटकलेली. तिच्या सगळ्या बरगड्या दिसत होत्या, तीन नाही. मी म्हटलं, "ये." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डोकं जमिनीला चिकटवलं, मार खायच्या आधी चिकटवतात तसं.

भाऊ माझ्यामागं उभा होता. "ताई, शेजारच्याच्या कोंबड्या मारल्या तिनं. दोनदा. मग बांधली. बांधली तर खाईना, नुसती भुकून राहिली. मी हात उचलला. काठीनं मारलं. खोटं कशाला बोलू."

मी त्याला काय बोलणार होते? त्यानं जे केलं ते कुत्रं माहीत नसलेला कुणीही करतो. मला माहीत होतं, आणि मी पाठवली होती.

पाच दिवस मी भावाकडं राहिले आणि तो रोज पिकअपनं आम्हाला नांदेडला नेत होता. मुलानं सुटी वाढवून घेतली. गुरांच्या डॉक्टरांनी तिचे ओठ उलटून दाखवले, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. गोचीड ताप. रक्त तपासलं, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. म्हणाले, "अजून आठवडा गेला असता तर आणू नका म्हणालो असतो. जनावर जातिवंत आहे. कुणाचं आहे हे?"

"माझं," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

लातूरला आणलं तेव्हा ह्यांना व्हीलचेअरवर ओसरीत बसवलेलं होतं. गाडीतून तिला खाली घेताना मी बघत होते ते त्यांच्याकडंच. त्यांचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा जागा झाला. त्यांनी डावा हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवायला.

उचललेला हात बघून कुत्री जागेवरच मुतली आणि सरपटत चपलांच्या मांडणीखाली गेली.

हात बराच वेळ हवेत राहिला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचं मी काही लिहू शकत नाही. "न्हाई," ते म्हणाले, अगदी हळू. जुलैनंतरचा तो पहिला शब्द.

मी चाकूरकडच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. वाटलं होतं शिव्या देतील. ते दुसऱ्या दिवशी बसनं आले. ओसरीवर भिंतीला टेकून बसले आणि तासभर कुत्रीकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून भाकरी काढून खात राहिले, एखादा तुकडा बाजूला पडू देत. तासाभरानं ती मांडणीखालून मान काढून तो तुकडा घेऊन गेली.

"असंच," ते म्हणाले. "हात वरून न्यायचा न्हाई, खालून. डोळ्यात बघायचं न्हाई. आपन होऊन जवळ जायचं न्हाई. येऊ द्या तिला."

मी म्हटलं, "काका, यायची ती कशी? ह्यांचा एकच शब्द राहिलाय, आणि त्याचा अर्थ तिला 'मागं हो' असा शिकवलाय."

त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांच्या तोंडून तेव्हाच "न्हाई" निघालं होतं आणि मांडणीखालून सरपटल्याचा आवाज आला होता.

"मग त्याच शब्दाला 'ये' करा," ते म्हणाले. "कुत्र्याला काय मालूम न्हाई म्हंजे काय? शब्दामागनं भाकर आली की तो शब्द भाकरीचा."

आम्ही तेच केलं. रोज सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी आल्यावर अर्धा तास. ह्यांना खुर्चीत बसवायचं, डावा हात मांडीवर पालथा, त्याखाली अंड्याचा तुकडा. हे 'न्हाई' म्हणाले की मी तसलाच एक तुकडा लांबून तिच्यापुढं सरकवायचा. बाकी काही बोलायचं नाही. पहिले आठ दिवस ती शब्द ऐकून मागंच व्हायची, आणि मग तुकड्याकडं संशयानं बघायची. नंतर मागं व्हायची थांबली. मग मी तुकडा रोज वीतभर ह्यांच्या जवळ ठेवत गेले.

घरातल्या दुसऱ्या कुणी तो शब्द उच्चारायचा नाही असं ठरवलं. ते सर्वांत अवघड गेलं. दिवसभरात आपण किती वेळा नाही म्हणतो ते तेव्हा लक्षात आलं. भाजीवाल्याला, मावशीला, फोनवर. आम्ही मान हलवायला शिकलो. कुत्रीला अडवायचं तर 'थांब'. मावशीही शिकली, आणि शिकता शिकता तिची भीती गेली. कण्या मी पहाटे उठून शिजवायला लागले. फिरायलाही मीच नेऊ लागले. रस्त्यावर हात पालथा ठेवून बघताना पहिल्या दिवशी इकडंतिकडं बघितलं होतं, कुणी हसतंय का म्हणून.

आणि हे रोज तासभर एकच शब्द म्हणत होते. घसा बसायचा. एखाद्या दिवशी ती फिरकायचीच नाही, तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. पण दुसऱ्या दिवशी वेळ झाली की डाव्या हातानं खुर्चीवर थापट्या मारायचे. बाकी सगळ्या बाबतीत त्यांनी सोडून दिलं होतं, ह्या एकात नाही.

संक्रांत होऊन गेली होती. संध्याकाळची वेळ. हे म्हणाले, "न्हाई." ती उठली, फरशीवरून हळूहळू आली, आणि पालथ्या हाताखाली नाक घालून तुकडा काढला. खाऊन झाल्यावर गेली नाही. हाताखाली डोकं ठेवून उभी राहिली. कातडी थरथरत होती तिची, पण उभी राहिली. ह्यांनी बोटं हलवली नाहीत. दोघंही जरा जास्तच सावध होते.

त्यानंतर सव्वा वर्ष त्यांना मिळालं. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसायची, कारण उजवा हात अचानक घसरून खाली पडायचा आणि ती दचकायची. शेवटपर्यंत दचकायचीच. पूर्वीसारखी एका झेपेत ती पुन्हा कधी आली नाही.

माझं म्हणाल तर माझ्या हातचा घास ह्यांनी नंतर घेतला. पण खाताना माझ्याकडं बघायचे नाहीत. मी एकदा विचारलं, "अहो, माझ्यावर राग आहे का अजून?" उत्तर एकच येणार, हे माहीत असलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. ते म्हणाले, "न्हाई." ते ऐकून कुत्री उठून जवळ आली, आणि त्यांचं लक्ष तिच्याकडं गेलं. चेहरा बघायचा राहिला. मी पुन्हा विचारलं नाही.

दुसरा झटका एप्रिलमध्ये आला. दवाखान्यात दोन दिवस. तिथं कुत्रीला नेता येत नाही, आणि ह्यांना घरी आणेपर्यंत सगळं संपलेलं होतं. अंगणात माणसं जमली तशी मी तिला गच्चीवर ठेवलं. पुढं अकरा दिवस तिनं रोज अर्ध्याच कण्या खाल्ल्या. मग पूर्ण खायला लागली. लोक अशा कुत्र्यांच्या गोष्टी सांगतात, अन्न सोडलं, समाधीवर जाऊन बसलं. तसं काही झालं नाही. ती फक्त ओसरीत झोपायची बंद झाली आणि स्वयंपाकघराच्या दारात झोपायला लागली.

दहाव्याला भाऊ आला होता. फाटकातून त्याचा आवाज ऐकताच ती उठली, शेपूट पोटाखाली घेतलं आणि न्हाणीत जाऊन उभी राहिली. तो दारातच थबकला. पानं वाढली तेव्हा बघते तर तो निघून गेलेला. त्यानंतर त्याचे फोन येतात, दिवाळीला केळीची फणी येते, पण तो स्वतः आला नाही. मीही ये म्हटलेलं नाही. काय म्हणू? तुझ्या काठीपेक्षा माझा गप्पपणा मोठा होता, हे त्याला सांगायला पाहिजे. ते अजून जमलेलं नाही.

आता मी निवृत्त आहे. कुत्री दहा वर्षांची होत आली. मागच्या पायात जोर राहिला नाही, दाढा गेल्या. कण्या मी आणखी मऊ शिजवते, मीठ अजिबात नाही, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून आणते. गल्लीत हल्ली बरीच पिल्लं आली आहेत. तोकड्या नाकाची, झुपकेदार केसांची, ह्या उन्हात त्यांचं कसं व्हायचं कोण जाणे. लोक मला विचारायला येतात. काय घालू, कधी टोचू, शी-शू कशी शिकवू. मी सगळं सांगते. शेवटी एक विचारते, "उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर हिचं कोण करणार, ते ठरवलंय का?" बहुतेक जण हसतात. एक बाई मात्र पिल्लू छातीशी धरून निमूट निघून गेली.

हाच प्रश्न मी मागच्या आठवड्यात मुलाला विचारला. पुण्यात त्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, तो आणि सून दोघंही नोकरीला. तो म्हणाला, "आई, असं काय विचारतेस? बघू की."

"बघू नको," मी म्हटलं. "आत्ता सांग."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. त्यानं तो बंद केला असावा, कारण नंतर काहीच ऐकू येईना. मी वाट बघत राहिले. तिच्या खाण्याची वेळ झाली होती, ती दारातून माझ्याकडं बघत होती. मग मीच म्हटलं, "बरं, ठेवते," आणि कण्या निवल्या का ते बघायला आत गेले.